चौथा पारा

आजोबांच्या चाळिसाव्याला, म्हणजे मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी, सकाळपासून घरात माणसांची दाटी झाली होती. सोप्यात सतरंज्या अंथरल्या होत्या, कोपऱ्यात उदबत्ती जळत होती आणि मशिदीतून आणलेली पाऱ्यांची पेटी मधोमध उघडून ठेवली होती. कुराणाचे तीस भाग आहेत, एकेका भागाला पारा म्हणतात. कुराणखानीसाठी हे पारे सुटे बांधलेले मिळतात. ज्याला अरबी वाचता येतं त्यानं एक पारा उचलायचा आणि मांडी घालून बसायचं. तीस जण असले की तासाभरात अख्खं कुराण वाचून होतं आणि त्याचं पुण्य गेलेल्या माणसाच्या नावे केलं जातं. काही मुसलमानांना ही रीत मान्य नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या गावात मात्र ती वर्षानुवर्षं चालत आली होती.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. माझ्या हाताला चौथा पारा लागला. लहानपणी मकतबात, म्हणजे मुलांच्या धार्मिक शाळेत, नाझरा शिकलो होतो, त्यामुळे झपाझप वाचला. नाझरा म्हणजे अक्षर ओळखून, उच्चार सांभाळून वाचणं. त्यात अर्थ कळण्याची अट नसते. वाचून झाल्यावर पाऱ्याचं चुंबन घेतलं, डोळ्यांना लावला आणि परत पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. तिन्ही फुफी, म्हणजे आत्या, चाळिसाव्याला आलेल्याच होत्या, तर पुन्हा हेलपाटा कशाला म्हणून सगळे तालुक्याला गेलो. निबंधक कार्यालयाबाहेरच्या टपरीवर दस्त आधीच टाइप होऊन पडला होता. हक्कसोडपत्र. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिघींची नावं लागली होती, ती कमी करायची होती. थोरल्या फुफीनं अंगठा दिला, धाकट्या दोघींनी सह्या केल्या. "मला काय करायचंय जमीन घेऊन? माहेरचा उंबरा राहू दे म्हणजे झालं," थोरली म्हणाली. कुणी तिच्यावर जबरदस्ती केली नव्हती. कुणी तिला काही विचारलंही नव्हतं. अब्बांनी तिघींना साड्या घेतल्या. साक्षीदार म्हणून एक सही माझी होती.

चौथ्या पाऱ्यात काय लिहिलंय, हे मला बऱ्याच वर्षांनी अनुवाद वाचताना कळलं. सूरह म्हणजे अध्याय; सूरह निसाची सुरुवात त्याच पाऱ्यात आहे, आणि त्या सूरहच्या अकराव्या व बाराव्या आयतीत, म्हणजे वचनात, कुणाच्या मागे कुणाला किती वाटा द्यायचा याचा हिशेब आहे. मुलीचा वाटा, आईचा वाटा, विधवेचा वाटा. म्हणजे रविवारी मी लेकींच्या हिश्शाची आज्ञा सुरात वाचली आणि सोमवारी तो हिस्सा सोडल्याच्या कागदावर साक्ष दिली. मधे फक्त एक रात्र गेली होती.

*

मुसलमान घरात कुराणाइतका मान कशालाच नसतो. त्याला जुजदान म्हणजे कापडी वेष्टण शिवतात. घरातल्या सर्वांत उंच फळीवर ते ठेवतात. वुझू केल्याशिवाय, म्हणजे हात-पाय-तोंड धुऊन शुद्ध झाल्याशिवाय, हात लावत नाहीत, त्याच्याकडे पाठ करून बसत नाहीत. वाचताना ते लाकडी रेहलवर ठेवतात, जमिनीवर नाही. लेक सासरी निघाली की तिच्या डोक्यावर कुराण धरून तिला त्याखालून नेतात. ही श्रद्धा खोटी नाही. चौदाशे वर्षं अक्षरन् अक्षर पाठ करून ज्यांनी हा ग्रंथ जपला त्या हाफिजांच्या मेहनतीला तोड नाही.

पण मान आणि पालन यांच्यात अंतर पडू शकतं, हे खुद्द कुराणच सांगतं. बासष्टाव्या सूरहमध्ये एक बोचरी उपमा येते: ज्यांच्यावर धर्मग्रंथ सोपवला आणि ज्यांनी तो आचरणात आणला नाही, ते पाठीवर पुस्तकं लादलेल्या गाढवासारखे. आपल्याकडे चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाचा दृष्टान्त आहे, त्याचाच हा सख्खा भाऊ. तिथे रोख तौरात, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, मिळालेल्यांवर आहे, पण जुन्या भाष्यकारांनी तो आपल्याही उंबऱ्याच्या आत वळवून घेतला. आणखी एका जागी प्रेषित ईश्वराकडे गाऱ्हाणं करतात की माझ्या लोकांनी हे कुराण टाकून दिलं. टाकून देणं म्हणजे फेकून देणं असंच नव्हे. उंच फळीवर ठेवून विसरणं हाही टाकून देण्याचाच एक अदबशीर प्रकार आहे.

कुराण या शब्दाचा अर्थच वाचन, पठण. ते इसवी सन 610च्या सुमारास उतरायला लागलं आणि 632पर्यंत, जवळजवळ तेवीस वर्षं, थोडं थोडं उतरत राहिलं. लोकांसमोर प्रसंग आला, भांडण झालं, कुणी प्रश्न विचारला, की आयती येत. त्यामुळे त्याच्या 114 सूरहांमधून जगण्याची धूळ-माती पानोपानी दिसते. अब्दुल्लाह बिन मसऊद हे प्रेषितांचे निकटचे सोबती. त्यांच्या नावे एक आठवण सांगितली जाते: आम्ही दहा आयती शिकायचो, आणि त्यांचा अर्थ व आचरण अंगी बाणेपर्यंत पुढच्या दहांकडे वळायचो नाही. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशांना कुणी प्रेषितांचा स्वभाव विचारला, तर त्यांनी उत्तर दिलं की त्यांचा स्वभाव म्हणजेच कुराण. या दोन आठवणी शेजारी ठेवल्या की तासाभरात तीस पारे संपवण्याची आपली घाई जरा अवघडल्यासारखी वाटते.

*

जगावं कसं, याबद्दल कुराण काय सांगतं? बाहेरच्या माणसाला वाटतं नमाज, रोजा, हज. ते आहेच, त्यावाचून इस्लाम नाही. पण मक्का हे व्यापाऱ्यांचं गाव होतं. उन्हाळ्या-हिवाळ्यात तांडे निघत, उधारी चाले, तराजू झुके. म्हणून या ग्रंथाची नजर वारंवार बाजाराकडे जाते. 'मापात पाप' हा आपल्याकडचा वाक्प्रचार; कुराणात या पापावर अख्खी सूरह आहे, 'मुतफ्फिफीन', म्हणजे मापात मारणारे. घेताना भरून घेतात, देताना कमी देतात, त्यांना ती हिशेबाच्या दिवसाची आठवण देते. मद्‌यनच्या लोकांकडे शुऐब नावाचे प्रेषित पाठवले गेले. एक ईश्वर माना आणि माप पुरतं द्या, या दोन गोष्टी ते एकाच दमात सांगतात. तराजूची दांडी आणि ईश्वराचं एकत्व यांच्यात त्यांना काही अंतर दिसत नाही.

कुराणातली सर्वांत लांब आयत कशावर असेल? स्वर्गावर नाही, प्रलयावर नाही. ती आहे उसनवारीचा कागद करण्यावर. दुसऱ्या सूरहची 282वी आयत. ठरावीक मुदतीचं कर्ज असेल तर लिहून ठेवा. लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, लिहायला नकार देऊ नये. मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणं आहे त्यानं, आणि त्यात काही कमी करू नये. तो असमर्थ असेल तर त्याच्या पालकानं सांगावा. साक्षीदार बोलवा. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. त्या काळी लिहिता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, हे लक्षात घेतलं तर या आयतीचा आग्रह किती पुढचा होता ते कळतं. मजकूर देणेकऱ्याच्या तोंडून यावा हे कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. देणं आहे हे आधी त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला सात आयतींची एक चिमुकली सूरह आहे, 'माऊन'. पुष्कळ मुसलमानांना ती पाठ असते, कारण छोटी असल्यामुळे नमाजात सोयीची पडते. तिचा आशय मात्र सोयीचा नाही. धर्म खोटा पाडणारा माणूस कोण, असा तिचा सवाल आहे. उत्तरात नास्तिक येत नाही. अनाथाला धक्के मारून हाकलणारा आणि गरिबाला खाऊ घाला असं कुणाला न सांगणारा येतो. मग ती नमाज पढणाऱ्यांकडेच वळते: ज्यांचं नमाजाकडे लक्ष नाही, जे दाखवण्यासाठी करतात आणि 'माऊन' नाकारतात, त्यांचा नाश. माऊन म्हणजे काय? जुन्या भाष्यकारांनी दिलेली उदाहरणं वाचून मला आमची गल्लीच आठवली: भांडं, बादली, कुऱ्हाड. शेजाऱ्यानं घडीभर मागावी आणि आपण काढून द्यावी अशी वस्तू. काहींनी त्याचा अर्थ जकात, म्हणजे सक्तीचं दान, असाही केला आहे. पण बहुतेकांच्या मनात राहिली ती ही घरगुती उसनवारी. वाटीभर साखर, चमचाभर विरजण, दळणाला जाताना पिशवी. एवढ्याशा गोष्टीला नकार देणाऱ्याची नमाज व्यर्थ जाऊ शकते, असं ज्या ग्रंथात लिहिलंय, तो ग्रंथ घरात कुठे ठेवायचा? देव्हाऱ्याच्या उंचीवर, की फडताळात, हाताला येईल असा?

दुसऱ्या सूरहमध्येच एका शब्दाची व्याख्या येते: बिर्र. नेकी, भलेपणा, पुण्य, असं काहीही म्हणा. तोंड पूर्वेला केलं की पश्चिमेला, यात बिर्र नाही. ती श्रद्धेत आहे, आणि पाठोपाठ नातेवाईक, अनाथ, गरजू, वाटसरू, मागणारे आणि गुलामांची सुटका यांच्यासाठी पैसा देण्यात आहे; नमाजात, जकातीत, दिलेला शब्द पाळण्यात, संकटात टिकून राहण्यात आहे. यादीत देण्याचा नंबर नमाजाच्याही आधी लागतो. हा बिर्र शब्द लक्षात ठेवावा, पुढे त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

*

आता वाट्याकडे येतो. वाटी देणं त्या मानानं सोपं, वाटा देणं जड.

परंपरा सांगते की 625 साली उहुदच्या लढाईत साद बिन रबी नावाचे सोबती मारले गेले. मागे बायको आणि दोन मुली. सादच्या भावानं सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. रीतच तशी होती, लढू न शकणाऱ्याला वारसा नव्हता. ती बाई मुलींना घेऊन प्रेषितांकडे गेली: यांच्या बापाचं काही उरलं नाही, आता यांची लग्नं कशी व्हायची? त्यानंतर निसाच्या त्या आयती उतरल्या. प्रेषितांनी चुलत्याला बोलावून सांगितलं की दोन तृतीयांश मुलींना दे, आठवा हिस्सा त्यांच्या आईला दे, उरेल ते तुझं.

आमच्या घरचा हिशेब मी नंतर मांडून पाहिला. आजोबांच्या मागे दादी, दोन मुलगे, तीन मुली. विधवेला आठवा हिस्सा, बाकीच्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. गावाकडच्या भाषेत रुपयाचे सोळा आणे धरले तर दादीचे दोन आणे, प्रत्येक फुफीचे दोन आणे, अब्बा आणि चाचांचे चार-चार. सोळा आणे चोख जमतात, पैचाही फरक नाही. त्या सोमवारी टपरीवर सहा आणे सुटले ते तीन साड्यांवर.

हे आमच्या एका घरापुरतं नाही, आणि आजचंही नाही. 1847 साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन समाजांतले वाद एकत्र चालले. बापाच्या मागे लेकींनी कुराणाप्रमाणे हिस्सा मागितला होता. समोरच्या बाजूचं म्हणणं असं की आमच्यात पूर्वापार रूढी आहे, लेकींना वारसा नसतो. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी रूढी सिद्ध झाल्याचं मान्य केलं आणि लेकी हरल्या. हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत रूढीचा दाखला म्हणून येतो. मला त्यात दुसरंच काही दिसतं. इंग्रज न्यायाधीशासमोर कुराण घेऊन उभ्या राहिल्या त्या बायका. समोरच्या बाजूनं त्याच्या विरोधात रूढी पुढे केली, आणि तीही बाजू याच ग्रंथाला शिरोधार्य मानणारी.

नव्वद वर्षांनी, 1937 साली, शरीयत ॲक्ट आला. रूढीचा कायदा बाजूला सारून मुसलमानांना शरीयत लागू करावी अशी मागणी होती, आणि रूढीमुळे बायकांचे हक्क बुडतात हे कारण विधेयकाच्या उद्देशपत्रातच नोंदवलं होतं. पण शेतजमीन या कायद्यातून वगळली गेली. तो विषय प्रांतांकडे होता हे कायदेशीर कारण खरंच. तरी खेड्यातल्या मुसलमानाची मालमत्ता म्हणजे मुख्यतः शेतजमीनच. जिथे खरा खर्च पडणार होता नेमकी तीच जागा कोरडी राहिली. इथे हिंदू वाचकानं फार दूर उभं राहू नये. 2005च्या दुरुस्तीनं लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क दिला, आणि हक्कसोडपत्रांच्या टपऱ्या आजही तशाच चालू आहेत. आमच्या तिन्ही फुफींच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बायकांच्या कपाळावर कुंकू होतं.

*

कुराणाप्रमाणे जगा, हे सांगणं सोपं. पण कुणाच्या वाचनाप्रमाणे? हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.

समाजसुधारक हमीद दलवाईंनी तो टाळला नाही. 18 एप्रिल 1966ला सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला, 1970मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. स्त्रियांचा न्याय ग्रंथाच्या अर्थावर टांगून ठेवू नका, तो नागरिक म्हणून मागा, अशी त्यांची भूमिका होती. राज्याचे कायदे कसे असावेत याबद्दल मला ती पटते. अर्थ लावणारा बदलला की हक्क बदलतो, हा धोका त्यांनी अचूक ओळखला होता.

पण कायदा दारापर्यंत येतो. दाराच्या आत माणूस कशाला भितो आणि कशावर प्रेम करतो हा प्रश्न उरतोच. तिथे ग्रंथाची गरज लागते, आणि तो समजून वाचलेला लागतो. तलाकचंच पाहा. कुराणात घटस्फोटाआधी दोन्ही घरांतला एकेक मध्यस्थ नेमायला सांगितलं आहे, मग इद्दतीचा, म्हणजे थांबण्याचा, काळ आहे, परत येण्याची वाट मोकळी आहे, साक्षीदार आहेत. एका दमात तीनदा म्हणून बाईला घराबाहेर काढण्याची रीत त्यात कुठेच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठानं 2002 साली तलाकआधी समेटाचे प्रयत्न झाल्याचं सिद्ध करायला हवं असं सांगितलं. 22 ऑगस्ट 2017ला सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी तात्काळ तिहेरी तलाक रद्द ठरवला. त्या तिघांतले न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी कुराणाचाच आधार घेतला: जे कुराणाच्या विरोधात आहे ते शरीयत म्हणून चांगलं ठरू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या धर्म म्हणून चाललेली गोष्ट धर्मग्रंथाच्याच कसोटीला उतरली नाही.

मग कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं: मुलीला मुलाच्या निम्माच का? जुनं उत्तर असं की मेहेर आणि पोटगीचा बोजा पुरुषावर होता. आज बहीण कमावते, आईबापांना सांभाळते, तेव्हा हे उत्तर अपुरं पडतं. फजलुर रहमान या पाकिस्तानी विचारवंतानं एक वाट दाखवली आहे: आधी आयत ज्या काळात उतरली त्या काळात जाऊन तिचा हेतू शोधायचा, मग तो हेतू हाती घेऊन आपल्या काळात परतायचं. जिथे लेकीला शून्य होतं तिथे तिला वाटा देणारी आयत कुठल्या दिशेला बोट दाखवते, हे उघड आहे. परंपरावाद्यांना ही पद्धत मान्य नाही. पण त्यांच्याही मते भाऊ आपल्या वाट्यातून बहिणीला हवं तेवढं बक्षीस देऊ शकतो. निम्म्याच्या पुढे जायला कुराणानं कुणाचा हात धरलेला नाही. आपली गाडी मात्र शून्याच्याच पुढे सरकत नाही, आणि आपण वाद निम्म्यावर घालत बसतो.

समजून वाचण्याची ही धडपड आपल्या उपखंडात जुनी आहे. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांनी कुराण फारसीत आणलं. त्यांच्या मुलांनी, शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर यांनी, ते उर्दूत नेलं. मराठीतही अनुवाद झाले. विनोबा मूळ अरबीतून कुराण शिकले आणि त्यांनी निवडक आयतींचं 'कुराण-सार' सिद्ध केलं. एक ब्राह्मण संन्यासी अरबी उच्चार घोटत बसतो आणि आम्ही जन्मानं मुसलमान असून चौथा पारा अर्थावाचून संपवतो, याची मला लाज वाटते.

*

अब्बा गेले तेव्हा त्यांच्याही चाळिसाव्याला पाऱ्यांची पेटी आली. या वेळी मी चौथा पारा मागून घेतला आणि शेजारी अनुवाद ठेवला. निसापर्यंत पोचायला वेळ होता, पहिल्याच आयतीवर अडखळलो. आपल्याकडच्या प्रतींत हा पारा तिथूनच सुरू होतो, आणि तिच्या पहिल्या शब्दांवरूनच त्याला 'लन तनालू' म्हणतात. तिचा आशय असा: जे तुम्हाला प्रिय आहे त्यातून खर्च करेपर्यंत तुम्ही बिर्रपर्यंत पोचणार नाही.

तोच शब्द, बिर्र. जे नको झालंय ते देऊन नाही, जुन्या साड्या देऊन नाही, नव्या साड्या देऊनही नाही. प्रिय आहे त्यातून. आणि आमच्याकडच्या माणसाला जमिनीहून प्रिय काय असतं? हाच पारा पुढे लेकीच्या वाट्यापर्यंत जातो. त्याच्या एका टोकाला अट आहे, दुसऱ्या टोकाला हिशेब. एकोणिसाव्या वर्षी मी दोन्ही टोकं ओठांवरून पार केली होती.

माझ्या बहिणीचा वाटा आम्ही चाळिसाव्याच्या आधी तिच्या नावे केला, आणि तो निम्मा नाही. त्यात माझं कौतुक काही नाही. तिनं मागायच्या आधी दिला एवढंच. पण आजोबांच्या जमिनीतले ते सहा आणे तसेच राहिले. त्यातले तीन अब्बांच्या नावे गेले होते, म्हणजे आता माझ्याकडे आहेत. धाकट्या दोघी फुफी गेल्या. थोरली आहे, तिला दिसत नाही. मी विषय काढला की ती उंबऱ्याचंच बोलते. हक्क तिनं सोडला, कागद कायदेशीर आहे, साक्षीदार मीच आहे.

देणं असेल तर लिहून ठेवा, लहान असो की मोठं, आणि मजकूर देणेकऱ्यानंच सांगावा, असं ती सर्वांत लांब आयत म्हणते. म्हणून हे लिहून ठेवलं: तीन आणे, आमच्याकडून देणे.